रात्र, रक्त आणि संयम : जपानी ॲनिमेतील व्हॅम्पायर प्रेमकथांचे आकर्षण

प्रतिनिधी, निगडी

भुताची गोष्ट मराठी घराला नवी नाही. पिंपळावरचा मुंजा, विहिरीकाठची हडळ, वेशीबाहेरचा वेताळ यांच्या गोष्टी ऐकतच आपल्याकडच्या अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. लोककथेत क्वचित एखादी हडळ माणसाची बायको होऊन संसारही करते. पण तिचे खरे रूप उघड झाले की गोष्ट संपते आणि ऐकणाऱ्याच्या मनात उरते ती भीतीच. भुताच्या प्रेमात जाणूनबुजून पडावे आणि त्या प्रेमाची किंमत डोळे उघडे ठेवून मोजावी, हा कथाविषय आपल्याकडे फारसा रुजला नाही. जपानी ॲनिमेत मात्र तो गेल्या चार दशकांत चांगलाच स्थिरावला आहे आणि मोबाईलच्या पडद्यावरून निगडी, आकुर्डी, चिंचवडच्या घरांतही येऊन पोहोचला आहे.

मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून काय पाहते, याचा शोध घेणाऱ्या आईवडिलांना पडद्यावर चंद्र दिसतो, बर्फ दिसतो, गुलाब दिसतात आणि कुणाच्या तरी मानेशी आलेले सुळे दिसतात. याला कार्टून म्हणावे, भयपट म्हणावा की आणखी काही, असा प्रश्न त्यांना पडतो. हा प्रश्न रास्त आहे. ज्या कथेत एक पात्र दुसऱ्याचे रक्त पिते, तिला प्रेमकथा का म्हणायचे आणि ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना प्रेमाविषयी नेमके काय सांगते, याचे उत्तर द्यायचे तर या कथांच्या जरा आत शिरावे लागते. आत शिरल्यावर लक्षात येते, की त्यांतील चांगल्या कथांचा जीव रक्तात नाही. तो रक्त पिण्याची इच्छा आवरून धरण्यात आहे. रात्र, धुके, शांतता हे सारे वातावरण त्या आवरून धरलेल्या क्षणाला लांबवण्यासाठी उभे केलेले असते.

परका पाहुणा

व्हॅम्पायर हा मूळचा जपानी नव्हे. जपानी भाषेत त्याला ‘क्युकेत्सुकी’ म्हणतात. तीन अक्षरांचा हा शब्द आहे : शोषणे, रक्त आणि पिशाच. आपल्या ‘रक्तपिपासू’ किंवा ‘रक्तपिशाच’ या शब्दांप्रमाणेच तोही पाश्चात्त्य कल्पना समजावून सांगण्यासाठी वापरात आलेला. युरोपातील लोकसमजुतींतील व्हॅम्पायर हा सुजलेला, दुर्गंधी येणारा, थडग्यातून उठलेला मुडदा होता. त्याला उमराव बनवले ते इंग्रजी साहित्याने. जॉन पॉलिडोरी याच्या १८१९ मधील कथेत तो प्रथम उच्चभ्रू समाजात वावरू लागला. आयर्लंडच्या शेरिडन ल फानू याच्या ‘कार्मिला’ (१८७२) या कथेत व्हॅम्पायर ही तरुणी आहे आणि तिचे भक्ष्य तिची मैत्रीणही आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये आली.

स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो, हे येथे सांगायला हवे. त्याचे सामर्थ्य दिवसा उणावते, एवढेच. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना प्रेक्षकांच्या मनात रुजवली ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने. म्हणजे हा नियम कादंबरीचा नव्हे, चित्राचा आहे. छाया आणि प्रकाश यांवर जगणाऱ्या माध्यमाला तो इतका सोयीचा पडला की पुढे सर्वांनी तो गृहीत धरला. ॲनिमे हेही छाया-प्रकाशाचेच माध्यम असल्याने त्याने या नियमाचा मनसोक्त वापर केला.

प्रेमकथेच्या अंगाने जपानमध्ये या विषयाला वळण दिले ते ॲनिमेने नव्हे, तर मुलींसाठी निघणाऱ्या मांगा मासिकांनी. मोतो हागिओ या लेखिका-चित्रकर्तीने १९७२ ते १९७६ या काळात ‘पो नो इचिझोकु’, म्हणजे ‘पो घराणे’, ही चित्रकथामाला लिहिली. तिच्यातील एडगर आणि ॲलन या मुलांची नावे भयकथांचा अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याच्या नावावरून घेतलेली आहेत. एडगर चौदा वर्षांचा असताना व्हॅम्पायर होतो आणि पुढची दोनशे वर्षे चौदाचाच राहतो. भोवतालची माणसे वाढतात, लग्ने करतात, म्हातारी होऊन मरतात. हा मात्र एका गावातून दुसऱ्या गावात, एका शतकातून दुसऱ्या शतकात जात राहतो. कुणी ओळखू लागले की मुक्काम हलवायचा. या कथेतले दुःख सुळ्यांचे नाही, न वाढण्याचे आहे. वयात येणाऱ्या वाचकाला हे दुःख लगेच कळते, कारण वाढण्याची ओढ आणि वाढण्याची भीती या दोन्ही गोष्टी त्या वयात एकाच वेळी मनात असतात. हागिओंच्या या कृतीवर ताकाराझुका या सुप्रसिद्ध महिला नाट्यसंस्थेने २०१८ मध्ये संगीतिका रंगमंचावर आणली. साडेचार दशकांनंतरही तिची ओढ कमी झालेली नव्हती.

आपली भुते देहहीन का?

ॲनिमेकडे वळण्यापूर्वी आपल्याकडचा हिशोब पाहणे उपयुक्त ठरेल. आपल्याकडे व्हॅम्पायरच्या जवळ जाणारे कोण, असे विचारले तर वेताळाचे नाव घेतले जाते. ते घेण्यास कारणही आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर केले, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी त्याने सरळ ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द वापरला. पण ‘वेताळपंचविशी’तील वेताळ रक्त पीत नाही. तो स्मशानातील झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसतो आणि न्याय-अन्यायाचे पेच घालतो. गोव्यात तर तो ग्रामदेवता आहे. आमोण्याचा वेताळ प्रसिद्धच आहे. पुण्यातील सर्वांत उंच टेकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि तेथे त्याचे मंदिर आहे. अशा राखणदाराला प्रियकर करणे कुणालाही अवघडच गेले असते.

याहून मूलभूत अडचण अंत्यसंस्कारांची आहे. व्हॅम्पायर थडग्यातून उठतो. त्यासाठी आधी देह पुरलेला असावा लागतो. जिथे देह जाळला जातो तिथे परत यायला देहच उरत नाही. येते ते भूत, आणि भुताला सावली नाही, पाय उलटे, स्पर्श थंड. दफनाची प्रथा पाळणारे समाज महाराष्ट्रात आहेतच. परंतु आपल्या रूढ भूतकथा घडल्या त्या बहुतांशी दहनाच्या कल्पनेभोवती. प्रेमकथेला तर देह हवा, हाताला हात लागायला हवा.

जपानमध्येही आज दहनच रूढ आहे, त्यामुळे ही अडचण तिथल्या लेखकांनाही आली. फुयुमी ओनो यांनी ‘शिकी’ या १९९८ च्या कादंबरीत त्यावर काढलेला मार्ग मोठा कल्पक आहे. त्यांनी डोंगरातले सोतोबा नावाचे एक गाव कल्पिले, जिथे जुन्या रीतीनुसार अजूनही प्रेते पुरली जातात. गावाचे नावही थडग्याशी उभ्या करायच्या लाकडी फळ्यांवरून आलेले आहे. एका कडक उन्हाळ्यात गावातील माणसे एकामागून एक मरू लागतात, आणि पुरलेली माणसे परत येऊ लागतात. २०१० मध्ये या कादंबरीवर ॲनिमे मालिका झाली.

येथे मराठी वाचकाला कान टवकारायला लावणारा एक धागा आहे. ओनोंनी आपली कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ या १९७५ मधील कादंबरीला अर्पण केली आहे. व्हॅम्पायरने हळूहळू गिळलेल्या एका लहान अमेरिकी गावाची ती कथा. तीच कथा मराठीत फार आधी येऊन पोहोचली होती. नारायण धारप यांची ‘लुचाई’ ही कादंबरी तिच्यावरच बेतलेली आहे. २००८ मध्ये निवर्तलेल्या धारपांनी मराठी भयकथेला दिलेला वाचकवर्ग आजही टिकून आहे. एकाच इंग्रजी बीजातून एक रोप मराठी मातीत आणि दुसरे जपानी डोंगरात वाढले, हे मराठी ॲनिमेप्रेमींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फरक असा, की धारपांच्या परंपरेत अमंगळाशी लढायचे असते. ‘समर्थ’कथांपासून त्यांचा वाचक तेच अपेक्षितो. ओनोंच्या गावात मात्र उठलेला माणूस हा कालपर्यंतचा शेजारी असतो, त्यालाही भूक लागलेली असते, आणि त्याला मारायला निघालेले गावकरी शेवटी अधिक भेसूर दिसू लागतात. सुनाको ही दीर्घकाळ लहान मुलगीच राहिलेली व्हॅम्पायर आणि मुरोई हा कादंबऱ्या लिहिणारा तरुण भिक्षू यांच्यात जे जुळते, त्याला रूढ अर्थाने प्रणय म्हणता येत नाही. दोघांनाही देवाने टाकून दिल्यासारखे वाटते, आणि तेवढ्यावर ती मैत्री उभी राहते.

वातावरण म्हणजे काय?

‘वातावरणप्रधान’ हा शब्द या मालिकांविषयी सतत वापरला जातो. त्यामागे तंत्र आहे आणि थोडे अर्थकारणही. सेकंदाला चोवीस चौकटी असलेल्या चित्रपटात प्रत्येक हालचाल पूर्णपणे रेखाटणे फार खर्चिक असते. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या १९६३ च्या मालिकेपासून जपानी दूरचित्रवाणीने कमी चित्रांत काम भागवण्याची पद्धत रूढ केली. एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे पुरतात. हालचाल कमी झाली, तेव्हा कलावंतांनी आपली शक्ती स्थिर गोष्टींवर लावली : पार्श्वभूमीचे रंग, प्रकाशाचा कोन, वाऱ्याने हलणारा एखादाच केस, लांबवर वाजणारी घंटा.

मारामारीच्या कथेत ही काटकसर डोळ्यांत खुपते. व्हॅम्पायरच्या कथेत मात्र ती गुण ठरते. कारण व्हॅम्पायर हाच मुळात स्थिर प्राणी आहे. त्याचा श्वास दिसत नाही, वय बदलत नाही, तो घाईत नसतो. हलणाऱ्या माणसांच्या जगात न हलणारी एक आकृती उभी आहे, हे दाखवायला अचल चित्राइतके योग्य साधन नाही.

‘व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू’ ही १९८८ मध्ये थेट व्हिडिओवर आलेली चार भागांची मालिका याचा उत्तम नमुना आहे. दिग्दर्शन तोशिकी हिरानो यांचे, व्यक्तिरेखांची रेखाटने नारुमी काकिनोउची यांची. कथा क्योतोत घडते. मियू ही किशोरवयीन दिसणारी मुलगी अर्धी माणूस, अर्धी व्हॅम्पायर आहे. ती ज्यांचे रक्त घेते त्यांना त्या बदल्यात कधीही न संपणारे सुखस्वप्न देते. दुःखाने पिचलेला माणूस स्वतःहून तिच्याकडे येतो. तो बळी गेला की सुटला, हे मालिका सांगत नाही. केंजी कावाई यांच्या संगीतात जपानी वाद्यांचे सूर इतके विरळ येतात की दोन सुरांमधली शांतताच अधिक ऐकू येते. आजच्या वेगवान मालिकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही मालिका मंद वाटेल. माझ्या मते तो मंदपणाच तिचे वैभव आहे.

दुसरे टोक म्हणजे योशिआकी कावाजिरी यांचा ‘व्हॅम्पायर हंटर डी : ब्लडलस्ट’ हा २००० मधील चित्रपट. हिदेयुकी किकुची यांच्या १९८३ पासून सुरू झालेल्या कादंबरीमालेवर तो आधारलेला आहे. मायर लिंक नावाचा व्हॅम्पायर उमराव शार्लट या तरुणीला पळवून नेतो आणि तिला परत आणण्यासाठी ‘डी’ या शिकाऱ्याला पैसे देऊन पाठवले जाते. पाठलाग सुरू झाल्यावर हळूहळू उलगडते, की तिला पळवलेले नाही. ती आपखुशीने गेली आहे. आणि तो तिच्यावर इतके प्रेम करतो की तिला चावायला तयार नाही. एका चाव्याने ती त्याच्यासारखी होईल, दोघांचा प्रश्न सुटेल. पण तिला आपल्यासारखे करणे त्याला मान्य नाही. संपूर्ण चित्रपटाचा ताण या एका नकारावर तोललेला आहे.

पाळी बदलण्याची वेळ

या प्रकारातील सर्वाधिक परिचित नाव ‘व्हॅम्पायर नाइट’ हे आहे. देवनागरीत लिहिताना घोटाळा होतो, म्हणून सांगितले पाहिजे, की यातील ‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे, तर शूर सरदार. अर्थात लेखिकेला हा श्लेष ठाऊक असणारच. मात्सुरी हिनो यांची मांगा ‘लाला’ या मासिकात २००४ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत चालली. २००८ मध्ये स्टुडिओ दीन या संस्थेने तिची दोन पर्वे काढली, प्रत्येकी तेरा भागांची.

कथास्थळ आहे क्रॉस अकादमी हे निवासी विद्यालय. दिवसाच्या वर्गात माणसांची मुले, रात्रीच्या वर्गात व्हॅम्पायर. हे गुपित फक्त मुख्याध्यापक आणि दोन विद्यार्थी पहारेकरी, युकी व झीरो, यांनाच माहीत. रोज संध्याकाळी दिवसाचा वर्ग सुटतो आणि रात्रीचा भरतो, तेव्हा फाटकापाशी एकच गर्दी होते. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात वाढलेल्या मुलाला हे दृश्य अनोळखी वाटण्याचे कारण नाही. कारखान्याच्या फाटकावर एक पाळी बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते, तेव्हाही एकाच वास्तूत दोन जगे क्षणभर समोरासमोर येतात आणि पुन्हा वेगळी होतात. वडील तिसऱ्या पाळीला असले की घरात दुपारी पडदे ओढून आवाज न करता वावरावे लागते, हा अनुभव या भागातील कित्येक मुलांचा आहे. उन्हापासून लपणारा घरातला माणूस त्यांना ठाऊक असतो. हा विनोद झाला. पण अगदीच विनोद नव्हे.

युकीची पहिली आठवण बर्फाची आहे. लहानपणी बर्फात एका व्हॅम्पायरने तिच्यावर झडप घातली आणि कानामे या दुसऱ्या व्हॅम्पायरने तिला वाचवले. तिच्या नावाचा उच्चारही जपानी भाषेतील बर्फाच्या शब्दाशी मिळताजुळता आहे. ज्याने वाचवले तो आणि ज्याने मारायला घेतले तो एकाच जातीचे, या कोड्यातून तिचे मन बाहेर पडत नाही. झीरोची गोष्ट याहून कठीण आहे. तो व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या घराण्यातला. त्याच्या कुटुंबाची हत्या एका व्हॅम्पायर स्त्रीने केली, आणि तिच्याच चाव्याने तो आता हळूहळू व्हॅम्पायर होत चालला आहे. ज्याचा तिरस्कार करायला शिकलो तेच आपण होत आहोत, ही त्याची वेदना. युकी त्याला आपले रक्त देऊ करते, तेव्हा तो ते घेतो आणि स्वतःचीच किळस करतो. किशोरवयात स्वतःच्या बदलत्या देहाबद्दल वाटणारी लाज इतक्या थेटपणे दाखवणारी दुसरी रूपककथा शोधावी लागेल. मालिकेची लोकप्रियता सुंदर चेहऱ्यांवर ढकलून देणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलेले नसावे.

जागरणाचे गाणे

गेल्या काही वर्षांत या परंपरेने किल्ले आणि निवासी विद्यालये सोडून साध्या वसाहतींत मुक्काम हलवला आहे. कोतोयामा यांच्या मांगावरील ‘कॉल ऑफ द नाइट’ या मालिकेचे पहिले पर्व २०२२ मध्ये आणि दुसरे २०२५ मध्ये आले. जपानी नाव ‘योफुकाशी नो उता’, म्हणजे शब्दशः जागरणाचे गाणे. आपल्याकडे जागरण म्हटले की गोंधळ आठवतो. येथे मात्र ते एकट्याचे आहे. शाळेत जाणे बंद केलेला, झोप न येणारा को नावाचा चौदा वर्षांचा मुलगा रात्री घराबाहेर पडतो आणि त्याला नाझुना ही व्हॅम्पायर भेटते. तिच्यासारखे व्हायचे तर एकच अट : तिच्या प्रेमात पडलेले असताना तिने रक्त प्यायले पाहिजे. अडचण अशी, की प्रेम म्हणजे काय हेच त्याला कळत नाही. आणि नाझुना एरवी धीट असली तरी प्रेमाचा विषय निघताच लाजून चूर होते.

या मालिकेतील रात्र काळी नाही. जांभळी, निळी, कुठे कुठे विजेच्या पाट्यांनी हिरवट झालेली आहे. पेयांच्या स्वयंचलित यंत्रांचा उजेड, रिकामी क्रीडांगणे, एकसारख्या इमारतींच्या रांगा. या इमारतींना जपानमध्ये ‘दांची’ म्हणतात. युद्धोत्तर जपानमध्ये शहरांकडे लोटलेल्या नोकरदार कुटुंबांसाठी १९५५ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि अशा वसाहती देशभर उभ्या राहिल्या. आपल्याकडे औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते १९७२ मध्ये. २०२१ मध्ये ते विसर्जित झाले, तरी निगडीकरांच्या बोलण्यात ‘प्राधिकरण’ हे ठिकाणाचे नाव म्हणून कायम आहे. आखीव पेठा, सरळ रस्ते, रात्री साडेदहानंतरची सामसूम आणि लांब महामार्गावरून कामगारांना घेऊन जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या. नियोजित वसाहतीतील रात्रीला एक विशिष्ट एकटेपणा असतो. तो तोक्योच्या उपनगरात आणि भक्ती-शक्ती चौकाच्या पलीकडे फारसा वेगळा नसावा. दिवसा प्रत्येकाला ठरलेली जागा असते : शाळा, शिकवणी, स्पर्धा परीक्षा. ज्याला त्या जागेत बसता येत नाही, त्याला रात्री मोकळेपणा वाटतो. मालिकेचे आकर्षण येथे आहे. मात्र ती रात्र फुकट मिळत नाही, हेही ती दाखवते. पुढे व्हॅम्पायरांचा द्वेष करणारी एक गुप्तहेर स्त्री येते आणि रात्रीच्या स्वातंत्र्याने कुणाचे घर कसे उद्ध्वस्त केले ते कोच्या पुढ्यात ठेवते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या कथांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. शक्तिमान, देखणा, शतकानुशतके जगलेला पुरुष आणि कोवळी मुलगी. तो तिचा पाठलाग करतो, तिच्यावर हक्क सांगतो, तिला इजा करतो, आणि कथा त्याला प्रेम म्हणते. हे चित्र मुलींच्या मनावर काय बिंबवते? ‘डायाबोलिक लव्हर्स’ (२०१३) या संगणकीय खेळावरून निघालेल्या मालिकेबाबत हा आक्षेप पूर्णपणे लागू होतो. तिच्यात नायिकेचा नकार कुणी ऐकतच नाही, आणि वातावरणाची सजावट त्या हिंसेवर पांघरूण घालते. ‘व्हॅम्पायर नाइट’मधील कानामेचे वागणेही निर्दोष नाही. तो युकीचे रक्षण करतो, पण तिच्यापासून सत्य लपवून तिचे आयुष्य स्वतः आखतो. दुसऱ्या पर्वात उलगडणारे नात्यांचे सत्य तर बहुतेक भारतीय प्रेक्षकांना अस्वस्थ करील.

पण या साऱ्याच कथा एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. जुन मोचिझुकी यांच्या मांगावरील ‘द केस स्टडी ऑफ व्हानितास’ (२०२१-२२) ही मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातील, पण कल्पित यंत्रांनी भरलेल्या पॅरिसमध्ये ती घडते. नोए या व्हॅम्पायरला विलक्षण शक्ती आहे : ज्याचे रक्त तो पितो त्याच्या आठवणी त्याला दिसतात. त्याचा मित्र व्हानितास हा माणूस त्याला बजावतो, की माझे रक्त प्यायलास तर तुला ठार करीन. रक्त म्हणजे येथे देह नव्हे, मनाचा बंद कप्पा. नोएला कुतूहल आहे, संधीही मिळते. तरी परवानगीवाचून तो कप्पा उघडायचा नाही, हे बंधन त्यांच्या नात्याचा कणा होते. जवळीक आणि घुसखोरी यांतला फरक याहून स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. ‘कॉल ऑफ द नाइट’ आणि ही मालिका या दोन्हींचे दिग्दर्शक एकच, तोमोयुकी इतामुरा. रात्रीच्या रंगांवरून ते ओळखूही येते.

तेव्हा पालकांनी विचारायचा प्रश्न ‘यात रक्त आहे का’ हा नसावा. रक्त असणारच. ‘नाही म्हटल्यावर तो थांबतो का’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. मुलांबरोबर बसून एखादा भाग पाहिला तर तो विचारताही येतो.

मराठी दिग्दर्शकाचा बेताळ

भारतात ॲनिमे पोहोचवण्याचे मोठे काम २००४ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमॅक्स वाहिनीने केले. ती २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतर हा प्रेक्षक इंटरनेटवरील सेवांकडे वळला आणि अलीकडे हिंदी, तमीळ, तेलुगू भाषांतील आवाजांमुळे तो वाढतोही आहे. पुण्यात जपानी भाषेच्या शिक्षणाची जुनी परंपरा असल्याने मूळ भाषेतून मालिका समजून घेऊ पाहणारे विद्यार्थीही येथे भेटतात. मराठीत ॲनिमेचे भाषांतर ही गोष्ट मात्र अद्याप दूर आहे.

दरम्यान व्हॅम्पायरची प्रेमकथा देशी रूपात आणण्याचे प्रयत्न झाले. २०१० मध्ये स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ ही हिंदी मालिका आली. तिचे प्रेरणास्थान अमेरिकी ‘ट्वायलाइट’ हे उघड होते. त्याहून आपल्याला जवळचा प्रयत्न २०२५ च्या दिवाळीत आलेल्या ‘थामा’ या हिंदी चित्रपटाचा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी, आणि कोकणातल्या मुंज्यावर ‘मुंज्या’ हा २०२४ चा चित्रपट करून ते या वाटेवर आलेले. ‘थामा’चा नायक पत्रकार आहे, ही आमच्या व्यवसायाला मिळालेली बढती की शिक्षा ते ठरवणे कठीण. त्याचे प्रेम जुळते ते बेताळांच्या जमातीतील ताडकाशी, आणि या बेताळांनी माणसाचे रक्त न पिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतलेले आहे. वेताळाला सुळे देताना संयमाचे व्रतही देणे, ही सूझ योग्य दिशेची होती. चित्रपटाने ती विनोद आणि हाणामारीत बरीचशी वाया घालवली. ज्या क्षणी पडदा शांत व्हायला हवा होता, त्या क्षणी गाणे सुरू होते.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सोळा-सतरा वर्षांच्या पुढच्यांनी ‘कॉल ऑफ द नाइट’ने सुरुवात करावी, त्यात थट्टा बरीच चावट आहे, म्हणून लहानांना ती देऊ नये. जुन्या हस्तचित्रित शैलीची आवड असेल तर ‘मियू’चे चार भाग एका रविवारी संपतात. ‘ब्लडलस्ट’ हा दीड-पावणेदोन तासांचा चित्रपट आहे, रक्तपात भरपूर आहे आणि चित्रे मोठ्या पडद्यावर पाहावीत अशी आहेत. ‘शिकी’ पहिले चार-पाच भाग अतिशय संथ चालते. तेवढे सोसले तर पुढे सोडवत नाही. ती पाहण्यापूर्वी ग्रंथालयातून ‘लुचाई’ मिळाली, तर आधी ती वाचावी.